तयार मसाल्याची वकिली मी का सोडली

घरी वर्षाचा मसाला करायची पद्धत बंद पडली पाहिजे, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं, आणि जिथे संधी मिळेल तिथे मी ते मांडतही असे. बँकेतल्या मैत्रिणींना, हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांना, लग्न ठरलेल्या भाच्यांना मी सांगत आले की पाकीट आणा, कोपरा कापा, डब्यात ओता आणि मोकळ्या व्हा. चहाचंही तेच. एकच पाकीट, रोज तीच चव. मसाल्याच्या नाहीतर चहाच्या खास दुकानात तासभर ताटकळत उभं राहणं म्हणजे बाईचा वेळ फुकट घालवणं, असं मला वाटायचं. आज मला तसं वाटत नाही. हे मत कसं बदललं आणि कुठवर बदललं, ते नीट सांगावं म्हणून लिहायला बसले आहे.

कुठवर, हे मुद्दाम म्हणते. जुन्या मताचा एक भाग माझ्यापाशी अजून शाबूत आहे आणि तो आईमुळे आहे. आम्ही परळच्या चाळीत वाढलो. एप्रिल लागला की गच्चीवर चटया पडायच्या आणि चटयांवर मिरच्या. चांगली कडक उन्हं दिली की आई आणि मजल्यावरच्या बायका देठं खुडायला बसत. संध्याकाळपर्यंत हातांची नुसती आग व्हायची. आई खोबरेल चोळायची, ताकात बोटं बुडवून बसायची, तरी रात्री तिचा डोळा लागत नसे. मग स्टोव्हवर भाजणं. एका घरात मिरची कढईत पडली की सगळा मजला खोकत गॅलरीत यायचा. त्यानंतर डंकावरची रांग, डबे, फडकी, आणि भर उन्हात परत येणं. वडील आणि काका तो मसाला वर्षभर आवडीने खात. एखाद्या वर्षी जमला नाही तर तसं बोलूनही दाखवत. देठं खुडायला मात्र त्यांतलं कोणी कधी बसलं नाही. मी नोकरीला लागल्यावर तयार मसाल्याचं पाकीट घरात आणलं ते आईची यातून सुटका व्हावी म्हणून. ती काही बोलली नाही. तिने ते वापरलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात गच्चीवर आमच्या घरची चटई पडली नाही.

तेव्हा दुकानात कोणाशी न बोलता खरेदी करता येणं हीच मला मोठी सोय वाटे. मसाल्याच्या दुकानात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न यायचा, "गाव कुठलं, ताई?" तो मला खुपायचा. आपल्याकडे गावावरून आडनाव आणि आडनावावरून जात काढणारी माणसं कमी नाहीत. पाव किलो मिरची घ्यायला माझी माहिती कशाला हवी, असं मनात यायचं आणि मी तुटक उत्तर देऊन निघायचे. सुपरमार्केटमधलं पाकीट असलं काही विचारत नाही, हे मला फार बरं वाटे.

माझी धाकटी जाऊ कुडाळची. तिने घरचा मसाला कधी सोडला नाही आणि मीही तिला त्यावरून टोकायचं सोडलं नाही. एका वर्षी तिचा गुडघा फार दुखत होता, पिशव्या उचलायला कोणी हवं होतं, म्हणून मी तिच्याबरोबर लालबागच्या मिरची गल्लीत गेले. ही गल्ली माझ्या माहेराहून पायी जाण्याच्या अंतरावर. लहानपणी आईची पिशवी धरून गेले होते, पण मोठेपणी गिऱ्हाईक म्हणून तिथे कधी उभी राहिले नव्हते.

मिरच्यांनी भरलेली पोती तोंडं उघडून ओळीने मांडलेली. सुरकुतलेली, गडद लाल बेडगी. लांबट, बारीक संकेश्वरी. पांडी, काश्मिरी, आणि आकाराने लहान पण जहाल लवंगी. बेडगीला हे नाव कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावावरून मिळालं. २०११ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. रंग देणं हे तिचं काम, तिखटपणा बेताचा. झणका हवा तर दुसरी मिरची जोडीला घ्यावी लागते, आणि ती कोणती नि किती, यावर घराघराचा मसाला ठरतो. जाऊबाईंचं माप किलोला अर्धा किलो बेडगी, पाव किलो संकेश्वरी, पाव किलो पांडी, आणि त्यावर अर्धा किलो धणे. पुढचे जिन्नस तिने कागदावर लिहून आणले होते.

आम्ही रांगेत होतो. पुढे वरळीकडच्या एक कोळीण मावशी होत्या. त्यांनी बेडगी उचलली, कानाशी धरून हलवली, मधोमध मोडली, आत बुरशी धरली आहे का ते उजेडाकडे धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "हा मागच्या वर्षाचा माल हाय. नवा दाखव." नव्या हंगामाची बेडगी साधारण जानेवारीपासून बाजारात येऊ लागते. गेल्या वर्षीची उरलेली कोल्ड स्टोरेजमधून येते, ती जरा काळपट पडलेली असते. विकणारा वरमला नाही आणि चिडलाही नाही. त्याने पोऱ्याला आत पाठवून दुसरं पोतं फोडायला लावलं. त्यांच्या मागे वसईकडच्या एक ख्रिस्ती आजी होत्या, ईस्ट इंडियन. त्यांच्या बाटली मसाल्याची यादी लांबलचक. हा मसाला गडद रंगाच्या काचेच्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून त्याचं हे नाव. यादीतला एक जिन्नस दुकानात नव्हता. दुकानदाराने त्याऐवजी दुसरं काही सुचवलं. आजींनी मान हलवली आणि पुढल्या दुकानाकडे निघाल्या. तो त्यांना थांबवायला दुकानाबाहेर आला.

आमचा नंबर लागला आणि तोच प्रश्न आला, "गाव कुठलं?" मी जाऊबाईंकडे पाहिलं. तिने सांगितलं, कुडाळ. "मासे जास्त की मटण?" मासे. त्याने लगेच चिठ्ठीवर तिरफळ लिहिलं. जाऊ म्हणाली, "तिरफळ मसाल्यात नको हो, आम्ही ते बांगड्याच्या तिखल्यात वेगळं टाकतो." त्याने ते खोडलं, तिरफळाची पुडी वेगळी बांधली आणि विचारलं, "आमच्याकडे कोकणातले बरेच जण मसाल्यातच मागतात. तुमच्याकडे सगळेच वेगळं टाकतात का?" तो खरोखर विचारत होता. पुढच्या कुडाळच्या गिऱ्हाइकासाठी त्याला ते हवं होतं.

मला बदलवलं ते या रांगेने. मी मसाल्याकडे नेहमी आईच्या भाजलेल्या हातांतून पाहिलं होतं. त्या हातांना काय काय कळत होतं, ते कधी मोजलं नव्हतं. लालबागच्या त्या दुकानासमोर उभ्या असलेल्या बायकांना माल कळत होता, दोन मिरच्यांमधला फरक त्या स्पर्शाने सांगत होत्या, आणि त्यांच्या शब्दावर पोती उघडत होती. बाजारात बाईच्या ज्ञानाला असा मान मिळताना मी इतरत्र फारसा पाहिलेला नाही. बँकेत माझ्या सहीला किंमत होती, पण ती खुर्चीमुळे होती. इथे खुर्ची कोणालाच नव्हती.

त्या गल्लीला गावाचा प्रश्न का विचारावा लागतो, हेही मला नव्याने उमगलं. लालबाग-परळच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून, साताऱ्या-सांगलीहून पुरुष एकटे यायचे आणि खानावळीत जेवायचे. आमच्याच मजल्यावर दोन बायका खानावळ चालवत. अशा खानावळवाल्या बायकांची सावकारी कर्जातून सुटका व्हावी म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, हा मुंबईच्या इतिहासाचा भाग आहे. खानावळवाली मालवणी गिऱ्हाइकाला मालवणी आमटी आणि घाटावरच्याला कांदा-लसणाचा झणका देऊ शकली तरच तिचे डबे टिकत. तिचा मसाला हे तिचं भांडवल होतं. ज्या दुकानातून ती तो घेई, त्या दुकानाला आगरी, कोळी, मालवणी, घाटी, सीकेपी अशी सगळी मापं कळणं भागच होतं. ही मापं कंपनीच्या पाकिटात येऊ शकत नाहीत. कंपनी वाईट असते असं माझं म्हणणं नाही. हजारो घरांसाठी एकच चव काढायची म्हटली की प्रत्येक घराची चव थोडी थोडी सोडावीच लागते.

आणि कष्टांचं काय? हा माझा मूळ मुद्दा, तो टाळून चालणार नाही. जाऊबाईंच्या मसाल्याची मिरची तिथेच मोठ्या कढईत भाजली गेली, तिथेच डंकावर कुटली गेली. तिचे हात भाजले नाहीत. पण कढईपुढे दोन तरुण नाकाला फडकं बांधून उभे होते आणि त्यांचे डोळे लाल झाले होते. म्हणजे कष्ट नाहीसे झालेले नाहीत, ते मजुरी घेऊन करणाऱ्याकडे गेले. फुकट राबण्यापेक्षा हे बरं, एवढंच मी म्हणेन. भट्टीवर धूर खेचणारा पंखा आहे का आणि भाजणाऱ्यांच्या तोंडाला धड मास्क आहे का, हे मी आता दुकान निवडताना पाहते आणि नसेल तर तसं बोलते. गिऱ्हाइकांनी हे बोललं पाहिजे. आमच्या आयांसाठी कोणी बोललं नव्हतं.

मिरचीनंतर आम्ही खडा मसाला घेतला, आणि तिथे मला आणखी कितीतरी कळलं. आजवर मी ज्याला दालचिनी म्हणत होते ती बहुतेक कॅशिया होती: जाड, कडक, एकेरी साल, चवीला तिखट. श्रीलंकेची दालचिनी कागदासारख्या पातळ पदरांची गुंडाळी असते आणि बोटांत चुरते. दुकानदाराने दोन्ही समोर ठेवल्या, दोन्हींचे भाव सांगितले, आणि मटणाच्या मसाल्याला कॅशियाही चालते हे स्वतःहून सांगितलं. रोज दालचिनीचा काढा घेणाऱ्याने मात्र पातळ सालीचीच घ्यावी, कारण कॅशियातलं कुमारिन जास्त प्रमाणात यकृताला चांगलं नसतं. जायपत्री म्हणून रामपत्री विकली जाते, हेही तिथेच समजलं. दोन्ही जवळ ठेवून वास घेतला तर लहान मूलही सांगेल: जायपत्रीचा वास दरवळतो, रामपत्रीला जेमतेम असतो. लवंगेच्या डोक्यावरचा गोंडा शाबूत हवा आणि नख रुतवलं तर तेल दिसायला हवं. तेल काढून घेतलेली लवंग सुकी आणि सुरकुतलेली असते. एकदा कुटून भुकटी झाली की यांतलं काहीही डोळ्यांना दिसत नाही.

हिंगाच्या गोणीपाशी एक बाई नातवासाठी विचारत होत्या. त्याला गहू चालत नाही. आपण वापरतो तो बहुतेक बांधानी हिंग. अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानाकडून येणाऱ्या चिकात डिंक आणि पीठ मिसळून तो करतात, आणि पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. (आपल्याकडे हिंगाची लागवड करून पाहायला सुरुवात झाली ती थेट २०२० साली, हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात.) दुकानदाराने तांदळाच्या पिठाचा हिंग वेगळा काढून दिला. पाकिटावरही ही माहिती छापलेली असते, पण त्या बाईंना बारीक अक्षरं वाचायला कोणी सांगितलं नव्हतं आणि इतके दिवस त्या नातवाला तोच हिंग घालत होत्या.

सुट्टा माल म्हणजे शुद्ध आणि पाकीट म्हणजे भेसळ, असं मी अजिबात म्हणत नाही. तसं म्हणणारे पुष्कळ भेटतात आणि मला ते पटत नाही. मिरचीवरची फवारणी नाकाला कळत नाही, ती प्रयोगशाळेतच कळते. भुकटी केलेले मसाले सुटे विकायला अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी मनाई केली आहे, ती योग्यच आहे, कारण उघड्या तिखटात रंग मिसळणं फार सोपं असतं. पण पाकीटबंद मालाचाही इतिहास निर्मळ नाही. २००५ साली ब्रिटनमध्ये सुदान-१ या रंगाची भेसळ झालेल्या तिखटामुळे शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून मागे घ्यावे लागले. २०२४ च्या एप्रिलमध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने इथिलीन ऑक्साइड सापडल्याचं सांगून काही भारतीय तयार मसाले विक्रीतून काढायला लावले. म्हणून शुद्धतेच्या मुद्द्यावर मी कोणाचीच बाजू घेत नाही. अख्खा जिन्नस समोर असला की मला निदान काही तपासता येतं आणि विचारता येतं, एवढ्यासाठी मी तो घेते.

चहाच्या बाबतीत मत बदलायला आणखी वेळ लागला. ठाण्याला आमच्या स्टेशनाजवळ सुट्या चहाचं एक जुनं दुकान आहे. बरीच वर्षं मी त्याच्यावरून पाकीट घ्यायला पुढे जात असे. पहिल्यांदा आत गेले तेव्हा मालकांनी विचारलं, "पाणी नळाचं की बोअरचं? दूध किती? उकळता की वरून ओतता?" या वेळी मी नीट उत्तरं दिली. बोअरच्या जड पाण्यात चहाचा रंग मळकट येतो, म्हणून तिथे मिश्रण बदलावं लागतं. आपला रोजचा चहा दाणेदार सीटीसी. पानं दात्यांच्या रुळांमधून चिरडून, फाडून, वळवून काढायची ही रीत १९३० च्या सुमारास आसामात निघाली, आणि दुधात उकळायच्या चहाला ती फार सोयीची ठरली, कारण दाणा रंग आणि कडकपणा झटकन सोडतो. डस्ट म्हणजे झाडून काढलेला केरकचरा, असा माझा पक्का समज होता. ती चहाची सर्वांत बारीक प्रत असते, हे तिथे कळलं. रंग सर्वांत लवकर देते म्हणून हॉटेलवाले तीच घेतात. घरासाठी जाड दाण्यात थोडी डस्ट मिसळली की स्वादही राहतो आणि रंगही येतो. त्यांनी आमच्या पाण्याला आणि दुधाला मानवेल असं मिश्रण माझ्यासमोर तोलून दिलं.

त्याच दुकानात एक मुलगा दार्जिलिंगचं पुडकं परत करायला आला होता. चहा फिका निघाला, अशी त्याची तक्रार. दार्जिलिंग म्हणजे २००४ साली भौगोलिक मानांकन मिळवणारा आपल्या देशातला पहिला माल, आणि किंमतही तशीच, तेव्हा त्याचा राग समजण्यासारखा होता. मालकांनी वाद घातला नाही. किटलीतलं पाणी उकळून क्षणभर निवू दिलं, पानांवर ओतलं, तीन मिनिटांनी गाळून दूध-साखर न घालता कप पुढे केला. मुलगा प्यायला, गप्प राहिला, आणि पुडकं परत घेऊन गेला. जाताना आईसाठी दुधाच्या चहाची पूडही घेतली. मी म्हटलं, मलाही दार्जिलिंग द्या. ते म्हणाले, "काकू, तुमच्याकडे आलं घालून उकळलेला चहा लागतो. त्यात हे पैसे घालू नका." महाग माल घेऊ नका असं सांगणारा दुकानदार भेटणं ही लहान गोष्ट नाही.

सगळीच खास दुकानं अशी नसतात. एका मोठ्या मॉलमधल्या चकचकीत दुकानात वेलची आणि केशर काचेच्या बरण्यांत, दिव्यांच्या झगमगाटात मांडलेलं होतं. उजेडात रंग आणि वास उडतो हे मसाल्याच्या कोणत्याही व्यापाऱ्याला ठाऊक असतं. वेलची कोणत्या हंगामाची, असं मी विचारलं. काउंटरवरची मुलगी मनाने चांगली होती, पण तिला कोणी काही शिकवलंच नव्हतं. उलट एका फार जुन्या दुकानात मिरची मोडून पाहिली म्हणून मालक माझ्या अंगावर ओरडला. तिथे मी पुन्हा गेले नाही. दुकान जुनं की नवं याला मी महत्त्व देत नाही. प्रश्न विचारलेला ज्याला आवडतो आणि उत्तर माहीत नसेल तर जो तसं सांगतो, त्याचं दुकान माझं.

आईच्या कष्टांबद्दल मी जे बोलत होते ते आजही बोलेन. वर्षाचा मसाला झाला नाही तर बाईचं काही बिघडत नाही, आणि तो तिच्यावर लादण्याचा हक्क कोणाला नाही. ज्याला घरच्या मसाल्याची चव हवी त्याने पिशवी उचलावी. आमच्याकडे आता रांगेत मुलगा उभा राहतो आणि देठंही तोच खुडतो. वर्षाचा नको तर दोन महिन्यांचा करा. नोकरी, मुलं, आजारपण यांत पाकीट आणावं लागलं तर खुशाल आणा, मीही आणते. पण पाकीट हीच प्रगती आणि दुकानातली रांग म्हणजे मागासलेपण, हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांनी माझं ते म्हणणं आता सोडून द्यावं.

माझ्या आईचं माप मला मिळालं नाही. मी पाकीट आणलं तेव्हा ते विचारून घ्यावं असं मला सुचलं नाही आणि पुढे ती गेली. तुमच्या घरी आई, सासू, आत्या, मावशी कोणी असेल, तर तिच्याजवळ बसून किलोला काय किती, हे आजच लिहून घ्या. पाऊस सुरू व्हायच्या आत तो कागद घेऊन दुकानात जा, मिरची मोडून पाहा, आणि कोणी गाव विचारलं तर बिनधास्त सांगा.